उजनीच्या कालव्यावर आधी पाणी उचलून पाहा

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

उजनीच्या कालव्याला आवर्तन, म्हणजे शेतीसाठी ठरावीक दिवस सोडले जाणारे पाणी, सुटले की "एवढे पाणी वाहून चालले आहे, त्यावर वीज का करत नाहीत?" हा प्रश्न मोहोळपासून मंगळवेढ्यापर्यंत कुठल्याही पारावर निघतो. प्रश्न रास्त आहे. मात्र त्याचे उत्तर देताना एक तर गावेच्या गावे उजळून निघतील अशी स्वप्ने दाखवली जातात, किंवा "त्यात काही दम नाही" म्हणून विषय झटकून टाकला जातो. पाटबंधाऱ्याच्या कामात उमेदीची वर्षे घालवलेला माणूस म्हणून मला एक निश्चित सूचना मांडायची आहे. वाहत्या पाण्यात वर-खाली झुलणाऱ्या पात्याने, म्हणजे दोलायमान हायड्रोफॉइलने, ऊर्जा काढण्याचे जे तंत्र गेल्या चाळीसेक वर्षांत घडत आले आहे, त्याचा एक छोटा प्रयोग आपल्या कालव्यावर व्हावा. पण तो वीज करण्यासाठी नव्हे, थेट पाणी उचलण्यासाठी व्हावा.

आधी हिशेब मांडतो, कारण या विषयात बहुतेक गैरसमज हिशेब न केल्यामुळे होतात. सेकंदाला एक मीटर वेगाने पाणी वाहत असेल, तर प्रवाहाच्या एक चौरस मीटर छेदातून ५०० वॉट एवढी गतीची ऊर्जा जात असते. वेग दीड मीटर झाला की ती जवळजवळ १,७०० वॉट होते आणि दोन मीटर झाला की ४,०००, कारण ही ऊर्जा वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. आता याच पाण्याची उंचीशी तुलना करा. सेकंदाला एक मीटर हा वेग म्हणजे पाणी अवघ्या पाच सेंटिमीटर उंचीवरून पडल्यासारखे आहे. एखाद्या कालव्यातून सेकंदाला १० घनमीटर, म्हणजे साधारण ३५० क्युसेक, पाणी एक मीटर वेगाने वाहत असले तर त्याच्या संपूर्ण छेदातली गतीची ऊर्जा ५ किलोवॉट भरते. तेच पाणी एक मीटर उंचीच्या बांधीव प्रपातावरून पडत असले तर त्यात ९८ किलोवॉट असतात. उजनी धरणाच्या पायथ्याशी १२ मेगावॉटचे वीजगृह आहे, तेही पाण्याच्या उंचीवर चालते. तेव्हा ज्यांना कालव्यावर वीजच करायची आहे त्यांनी प्रथम प्रपात शोधावेत आणि तेथे कमी उंचीवर चालणारे टर्बाइन बसवण्याचा विचार करावा. सपाटीवरच्या संथ पाण्याकडून मेगावॉटची अपेक्षा धरणे हा त्या पाण्यावर अन्याय आहे.

आणि भीमेचे पात्र? नदीत हे यंत्र बसवावे असे सुचवणाऱ्यांनी आपल्याकडची नदी नीट पाहावी. भीमेवर आणि सीनेवर कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आहेत, त्यांच्या फुगवट्यातले पाणी जवळपास उभेच असते, आणि बंधाऱ्यांची दारे काढल्यावर पावसाळ्यात जो पूर येतो त्याच्यापुढे कुठलीही चौकट टिकवणे महागात पडेल. कालव्याचे तसे नाही. आवर्तन चालू असते तोवर पाण्याची पातळी आणि वेग बऱ्यापैकी स्थिर असतात, छेद ठरावीक असतो, आणि दोन आवर्तनांमध्ये कालवा कोरडा पडतो तेव्हा दुरुस्तीला सवड मिळते.

आता हे पाते काय करते ते सांगतो. त्याचा आडवा छेद विमानाच्या पंखासारखा, पुढे गोलसर आणि मागे निमुळता असतो. ते प्रवाहात आडवे धरले आणि थोडे तिरके केले की पाणी त्याला वर उचलते. वरच्या टोकाला पोहोचल्यावर त्याचा तिरकेपणा उलटा केला की तेच पाणी त्याला खाली दाबते. मासा शेपटी हलवून पाण्याला ढकलतो, त्याच्या नेमके उलट येथे घडते. वर-खाली जाणे आणि कोन बदलणे या दोन हालचालींमध्ये पाव फेऱ्याचे अंतर ठेवावे लागते: पाते मधोमध असते तेव्हा त्याचा कोन सर्वांत मोठा असतो, आणि टोकाला ते वळत असते. प्रवाहाशी हा कोन ७०-७५ अंशांपर्यंत नेला तर सर्वांत जास्त ऊर्जा मिळते, हे पहिल्यांदा ऐकणाऱ्याला खरे वाटत नाही. पण पाते स्वतः वेगाने वर किंवा खाली जात असल्यामुळे त्याला प्रत्यक्ष जाणवणारा पाण्याचा कोन बराच कमी असतो. शिवाय पात्याच्या पुढच्या कडेवरून एक मोठा भोवरा सुटतो आणि तो योग्य वेळी सुटला तर पात्याला आणखी ओढ देतो. विमानाच्या पंखात असा भोवरा सुटणे हे संकट मानले जाते, येथे मात्र तो कामाला लावला जातो.

कॅनडातल्या टोरांटो विद्यापीठात मॅकिनी आणि डिलॉरियर यांनी १९८१ साली वाऱ्यावर झुलणाऱ्या पंखाची गिरणी करून दाखवली, तेव्हापासून या विषयाला शिस्तीची सुरुवात झाली असे मानतात. लाव्हाल विद्यापीठाच्या किन्से आणि ड्यूमा यांनी २००८ साली प्रसिद्ध केलेल्या संगणकीय अभ्यासात एका पात्याची कार्यक्षमता ३४ टक्क्यांपर्यंत जाते असे दिसले, आणि पुढे एकामागे एक ठेवलेल्या दोन पात्यांचा नमुना प्रत्यक्ष पाण्यात तपासला तेव्हा ती ४० टक्क्यांच्या आसपास भरली. अमेरिकेतल्या ब्राऊन विद्यापीठात केनेथ ब्रॉयर आणि श्रेयस मांद्रे यांच्या गटानेही यावर बरेच काम केले. मोठ्या प्रमाणावरचे प्रयोगही झाले आहेत. स्कॉटलंडच्या उत्तरेला शेटलंड बेटांपाशी २००२ साली 'स्टिंगरे' नावाचे १५० किलोवॉटचे यंत्र समुद्राच्या तळावर उतरवले होते, आणि २००९ साली इंग्लंडच्या हंबर खाडीत १०० किलोवॉटचा नमुना उथळ पाण्यात चालवला गेला. यंत्रे चालली, पण व्यापारी वीजनिर्मितीपर्यंत यातले एकही पोहोचले नाही, कारण त्यांच्या विजेचा खर्च परवडेना. हे मी मुद्दाम लिहितो आहे. आपल्याकडे कोणी हे तंत्र घेऊन विजेच्या मोठमोठ्या आकड्यांसह आला, तर त्याला हा इतिहास विचारला पाहिजे.

मग समुद्रात जे परवडले नाही ते मोहोळच्या किंवा पंढरपूरच्या कालव्यावर का करायचे? त्याचे उत्तर दोन गोष्टींत आहे. पहिली गोष्ट कालव्याच्या आकाराची. कालवा रुंद असतो आणि उथळ असतो. त्यात गोल फिरणारा पंखा बसवायचा तर खोलीने हात बांधले जातात. एक मीटर व्यासाचा पंखा पाऊण चौरस मीटरपेक्षा थोड्याच जास्त पाण्यातून ऊर्जा घेतो. तीन मीटर लांबीचे आडवे पाते एक मीटरभर वर-खाली जात असेल तर ते तीन चौरस मीटर छेद झाडून काढते, म्हणजे जवळजवळ चौपट. शिवाय पात्याला पंख्यासारखा पीळ नसतो, टोकापासून टोकापर्यंत छेद एकच असतो. आतून पत्र्याच्या बरगड्या आणि वरून फायबरचे आवरण, असे पाते चिंचोळी किंवा अक्कलकोट रोडच्या औद्योगिक वसाहतीतले चांगले वर्कशॉप तयार करू शकेल.

दुसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. झुलत्या पात्याची अडचण अशी की त्याची चाल संथ असते आणि प्रत्येक टोकाला ते क्षणभर थांबते. अर्ध्या मीटर रुंदीचे पाते सेकंदाला एक मीटर वेगाच्या पाण्यात साडेतीन सेकंदांत एक फेरा पुरा करते, मिनिटाला सतराच्या आसपास. विजेच्या जनित्राला याच्या कितीतरी पट गती लागते आणि तीही अखंड. त्यासाठी गिअर, हायड्रॉलिक सिलिंडर, बॅटरी असा डोलारा उभारावा लागतो, प्रत्येक टप्प्यावर ऊर्जा गळते आणि प्रत्येक टप्पा बिघडू शकतो. पण दट्ट्याच्या पंपाला यातले काहीच लागत नाही. तो मुळातच पुढे-मागे चालतो, संथ चालतो, आणि टोकाला थांबणे त्याच्या स्वभावातच आहे. पाते वर गेले की दट्ट्या ओढला जातो, खाली आले की ढकलला जातो. पंपाच्या तोंडाशी हवेची एक बंद टाकी जोडली की पाइपातले पाणी धक्के न खाता वाहते.

या जोडीतून किती पाणी चढेल? वर सांगितलेल्या तीन चौरस मीटरांतून एक मीटर वेगाला १,५०० वॉट जातात. प्रयोगशाळेतल्या आकड्यांवर न विसंबता पात्याची कार्यक्षमता २५ टक्केच धरू, म्हणजे ३७५ वॉट. सांधे आणि पंप मिळून त्यातले ६० टक्के कामी आले असे धरले तर २२५ वॉट उरतात. पाच मीटर उंचीवर पाणी चढवायचे तर एवढ्यात सेकंदाला साडेचार लिटरांहून थोडे जास्त पाणी चढते. आकडा लहान दिसतो, पण पाते रात्री झोपत नाही आणि त्याला भारनियमन नसते. चोवीस तासांत जवळजवळ चार लाख लिटर पाणी होते, म्हणजे एका एकरावर सुमारे दहा सेंटिमीटर पाण्याची एक पाळी. पाच अश्वशक्तीची मोटर आठ तासांत याच्या अडीच-तीनपट पाणी काढील हे खरे, परंतु तिला वीज लागते, रोहित्र लागते, आणि ती वीज रात्रीची असेल तर थंडीत, अंधारात, पायाखाली काय आहे ते न दिसता दारे धरणारा माणूस लागतो. ज्याने डिसेंबरच्या रात्री ज्वारीच्या रानात बॅटरीच्या उजेडात दारे धरली आहेत त्याला दिवसरात्र मंदगतीने पण आपोआप येणाऱ्या पाण्याचे मोल वेगळे सांगायला नको. हे पाणी दिवसभर शेततळ्यात साठवून सकाळी ठिबकला सोडता येईल.

सौर पंप आहेत की, असे कोणी म्हणेल. आहेत, आणि सोलापूरच्या उन्हात ते उत्तम चालतात. मी त्यांच्या विरोधात नाही. ज्याच्याकडे विहीर आहे आणि ऊन आहे त्याने सौर पंपच घ्यावा. माझी सूचना कालव्याच्या वरच्या अंगाच्या जमिनींपुरती आहे. कालवा बांधाशेजारून वाहतो, पण रान त्याच्या पातळीपेक्षा चार-पाच मीटर उंच, त्यामुळे उताराने पाणी मिळत नाही आणि लाभक्षेत्रातही नाव नाही, अशी शेते उजनीच्या डाव्या आणि उजव्या अशा दोन्ही कालव्यांच्या काठाने किती तरी आहेत. आज तेथे काय घडते ते सर्वांना ठाऊक आहे. रात्री मोटरी टाकल्या जातात, पाइप झाडीत लपवले जातात, पाटबंधारे खाते कधी तरी ते तोडते, आणि या सगळ्याची किंमत शेवटी टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या, शेतकऱ्याला मोजावी लागते, कारण त्याच्यापर्यंत पाणी पोहोचतच नाही.

दट्ट्याच्या पंपाचा गुण येथे उपयोगी पडतो. तो प्रत्येक फेऱ्याला ठरलेलेच पाणी उचलतो, आपल्या उदाहरणात सोळा लिटर. फेरे मोजणारे एक साधे यांत्रिक गणित्र त्याला लावले की किती पाणी उचलले गेले याची नोंद आपोआप होते, वेगळे मीटर लावावे लागत नाही. महाराष्ट्रात २००५ च्या कायद्याने पाणी वापर संस्थांना घनमापन पद्धतीने पाणी द्यायचे ठरले आहे, पण मोजायचे कसे आणि मोजणीवर विश्वास कोणी ठेवायचा, यावर गाडे अडते. गणित्र कुलूपबंद पेटीत असावे, त्याला काचेची खिडकी असावी, आणि आवर्तन संपले की खात्याचा माणूस आणि संस्थेचा माणूस दोघांनी मिळून आकडा उतरवून घ्यावा. मंजूर कोट्याएवढे फेरे झाले की पाते पाण्याबाहेर उचलून ठेवायचे. टेलच्या शेतकऱ्यालाही तो आकडा पाहण्याचा हक्क हवा. मंजुरीशिवाय, मोजणीशिवाय हे यंत्र कोणालाही देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. चोरून पाणी ओढण्याचे आणखी एक साधन तयार करण्यापेक्षा प्रयोग न केलेला बरा.

प्रत्यक्ष अडचणी कमी नाहीत. पहिली जलपर्णीची. उजनीत ती किती माजते हे आपण पाहतोच. वितरिकेच्या मुखाशी उभे राहिले तर दारापाशी जलपर्णीचा हातभर जाडीचा थर साचलेला दिसतो, त्यात प्लास्टिकच्या बाटल्या, निर्माल्य, उसाचे पाचट आणि एखादी बाभळीची फांदी अडकलेली असते, आणि पाटकरी काठावरून लांब आकडीने ते ओढून काढत असतो. फिरणाऱ्या पंख्याच्या दांड्याला असल्या मुळांचा आणि दोऱ्यांचा पीळ बसतो. झुलत्या पात्याला तसा पीळ बसत नाही, पण तरंगता थर चौकटीला येऊन दाबतो. त्यासाठी वरच्या बाजूला तिरकी जाळी हवी आणि ती रोज साफ करणारा माणूस हवा. हा खर्च अंदाजपत्रकात पहिल्या ओळीत यावा. माणसाचा पगार न धरता मांडलेले प्रकल्प पहिल्याच आवर्तनात बंद पडतात.

दुसरी अडचण काळ्या मातीची. ती भिजली की फुगते, वाळली की भेगाळते, आणि तिच्यावरचे काँक्रीटचे अस्तर त्यामुळे उचकटते. म्हणून चौकट कधीही अस्तरात रोवू नये. कालव्यावरचा पूल किंवा ओढ्यावरून कालवा पलीकडे नेणारा जलसेतू पाहावा आणि त्याच्या भक्कम बांधकामाला ती टांगावी. जलसेतूत छेद आवळलेला असल्याने वेगही बहुधा जास्त मिळतो, आणि दीड मीटर वेग मिळाला तर हेच पाते सव्वातीनपट काम करील. पात्यावर फेऱ्याच्या मध्यावर शंभर ते दीडशे किलो वजनाइतका जोर येतो, तोही उलटसुलट, मिनिटाला सतरा वेळा. त्यामुळे सांधे नीट करावे लागतील. त्यांना ग्रीस नको, पाण्यानेच वंगण होणारे पॉलिमरचे बुश हवेत, कारण कालव्याचे हेच पाणी अनेक गावांच्या पाणीपुरवठ्याच्या तळ्यांत जाते. पोरे कालव्यात पोहतात, बाया धुणे धुतात, जनावरे उतरतात. तेव्हा यंत्राच्या दोन्ही अंगांना जाळीचे कुंपण अत्यावश्यक आहे.

तिसरी अडचण खात्याच्या अभियंत्याच्या मनात पहिली येईल: अडथळा ठेवला की वरच्या बाजूला पाणी फुगेल. फुगेलच. चौकटीच्या अडथळ्यासह प्रवाहातून एक किलोवॉट ऊर्जा गेली असे धरले तर ३५० क्युसेकच्या कालव्यात पातळी साधारण एक सेंटिमीटर वाढते. एका यंत्राने कालव्याचे काही बिघडत नाही, पण एकमेकांलगत दहा यंत्रे लावली तर ती वाढ दहा सेंटिमीटरवर जाईल आणि भरावाच्या ठिकाणी तेवढ्याने काठ फुटू शकतो. यातच आणखी एक खुबी दडलेली आहे. मोकळ्या प्रवाहातून ५९.३ टक्क्यांपेक्षा जास्त ऊर्जा काढता येत नाही, हे आल्बर्ट बेट्झ यांनी शंभरेक वर्षांपूर्वी दाखवून दिले. अरुंद कालव्यात पात्याने बराचसा छेद अडवला तर ही मर्यादा ओलांडल्याचा आकडा कागदावर काढता येतो, पण ती जास्तीची ऊर्जा वेगातून नव्हे, फुगलेल्या पातळीतून आलेली असते. म्हणून कार्यक्षमतेच्या आकड्याबरोबर वरच्या आणि खालच्या बाजूच्या पातळ्यांची नोंद दिली नसेल, तर तो आकडा मान्य करू नये.

वेग मोजण्यातही असेच होते. पुलावरून तरंडा, म्हणजे तरंगणारी वस्तू, टाकून तो तीस मीटर अंतर तीस सेकंदांत गेला की वेग एक मीटर, असे लिहून मोकळे होतात. तो वेग पृष्ठभागाचा असतो. संपूर्ण खोलीची सरासरी काढायला त्याला ०.८५ ने गुणतात. गुणले नाही तर घनाच्या नियमामुळे ऊर्जेचा अंदाज दीडपटीहून जास्त फुगतो, आणि पुढे यंत्र बसल्यावर ते 'अपेक्षेपेक्षा कमी' चालते. बिचाऱ्या यंत्राचा त्यात काही दोष नसतो.

म्हणून माझी विनंती अशी आहे. येत्या आवर्तनात डाव्या आणि उजव्या कालव्यावरच्या पूल आणि जलसेतूंच्या ठिकाणी प्रवाहमापकाने वेग आणि खोली मोजावी, आणि ते आकडे लोकांसमोर ठेवावेत. आपल्या शहरात वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, यंत्र आणि स्थापत्य या दोन्ही शाखांच्या विद्यार्थ्यांना यासारखे दुसरे काम मिळणार नाही. प्रवाहमापक तपासून घ्यायला खडकवासल्याची केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन संस्था जवळ आहे, १९१६ पासून ती पाण्याच्या संशोधनाचे काम करते आहे, आणि राज्याची मेरी, म्हणजे महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था, नाशिकला आहे. सेकंदाला एक मीटरच्या खाली वेग असलेली ठिकाणे सरळ वगळावीत. उरलेल्यांतून एक जागा अशी निवडावी की जिथे काठाला उंच रान आहे, पाणी वापर संस्था कार्यरत आहे आणि तिच्या सभासदांनी जाळी साफ करण्याची जबाबदारी लेखी घेतली आहे. तेथे एकच पाते आणि एकच पंप बसवावा. पाणी किती चढले, पातळी किती फुगली, जाळी साफ करायला रोज किती वेळ गेला, काय मोडले आणि ते दुरुस्त करायला किती खर्च आला, हे सारे त्या गावच्या ग्रामपंचायतीच्या फलकावर आवर्तनभर लिहिले जावे. फलकावरचे आकडे वाईट आले तर यंत्र काढून टाकावे आणि तेही जाहीर करावे.

चौकट टांगण्याचे काम कालवा कोरडा असतानाच करता येते. त्यामुळे रब्बीच्या आवर्तनाआधी यंत्र हवे असेल तर मोजणीचा आणि जागेचा निर्णय त्याच्या आदल्या उन्हाळी आवर्तनातच घ्यावा लागेल, आणि त्यासाठी कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत हा विषय वेळेवर पत्रिकेवर यायला हवा. समितीच्या सदस्यांनी आणि लाभक्षेत्रातल्या पाणी वापर संस्थांनी तो मांडावा, अशी आपल्या दैनिकाच्या द्वारे मी त्यांना विनंती करतो. आराखडा आणि हिशेब तपासून देण्याचे काम मी विनामोबदला करीन.

आपला,
एक निवृत्त सिंचन अभियंता,
सोलापूर